‘मी स्त्रीवादी नाही, समतावादी आहे’ म्हणणाऱ्या आंबेडकरी तरुणांना

८ मार्च आला की एकदा आणि २५ डिसेंबरचा भारतीय स्त्रीमुक्ती दिन आला की पुन्हा एकदा, आपल्या अभ्यासवर्गांत आणि व्हॉट्सॲप गटांवर एक वाद हमखास पेटतो. एक बाजू म्हणते, स्त्री-पुरुष समता मानणारा प्रत्येक जण स्त्रीवादीच असतो, मग तो शब्द वापरायला घाबरता कशाला? बाबासाहेब सुद्धा स्त्रीवादीच होते. दुसरी बाजू म्हणते, स्त्रीवाद हे उच्चवर्णीय, इंग्रजी बोलणाऱ्या बायकांचे खूळ आहे, आम्ही आंबेडकरवादी आहोत आणि आंबेडकरवादात सगळे आले, वेगळे लेबल नको. मग कुणीतरी सावित्रीमाईंचा फोटो टाकतो, कुणीतरी जय भीम म्हणतो आणि वाद पुढच्या वर्षापर्यंत झोपतो.

आम्हाला यातली एकही बाजू पटत नाही. पहिलीला शब्द फार स्वस्त करायचा आहे आणि दुसरीला जबाबदारी टाळायची आहे. हा नुसता नावाचा वाद असता तर आम्ही त्यात वेळ घालवला नसता. पण आम्ही वस्तीपातळीवर काम करतो. मार खाऊन माहेरी आलेली मुलगी, पोटगीसाठी तारखांवर तारखा खाणारी बाई, मंडळाच्या पदाधिकाऱ्याविरुद्ध तोंड उघडू न शकणारी कार्यकर्ती, या सगळ्यांच्या आयुष्यात हा वाद कुठे येऊन पडतो ते आम्हाला दिसते.

आधी पहिल्या बाजूचे पाहू. समता मानतो तो स्त्रीवादी, ही व्याख्या ऐकायला सोपी आहे. आता हीच व्याख्या जातीला लावून बघा. आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसात किंवा कॉलेजात एक सज्जन सवर्ण मित्र असतो. तो म्हणतो, ‘मी जात मानत नाही.’ खोटे बोलत नसतो तो. आपल्या डब्यातले खातो, जयंतीला फोन करून शुभेच्छा देतो. त्याच्या बहिणीचे स्थळ मात्र जातीच्याच वधू-वर सूचक मंडळातून येते, आरक्षणाचा विषय निघाला की तो गुणवत्तेवर बोलू लागतो, आणि त्याच्या इमारतीत आपल्याला भाड्याने घर का मिळाले नाही याचे त्याच्याकडे उत्तर नसते. या माणसाला आपण आंबेडकरवादी म्हणतो का? नाही म्हणत. त्याच्या सज्जनपणाबद्दल शंका नाही, पण आंबेडकरवादी म्हणायला मनातली सदिच्छा पुरत नाही. जात ही एक रचना आहे, ती कुणाच्या कष्टावर उभी आहे, तिच्यात माझ्या वाट्याला काय फुकट आले, आणि ते सोडायची माझी तयारी आहे का, या प्रश्नांना जो सामोरा जातो त्याला आपण आपला म्हणतो.

मग बाईच्या बाबतीत मापदंड इतका सैल का? आज ‘मला स्त्री-पुरुष समता मान्य नाही’ असे जाहीरपणे म्हणणारा पुढारी शोधून सापडणार नाही. सगळ्या पक्षांच्या जाहीरनाम्यात महिला सक्षमीकरण आहे. ज्या घरात सून डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही त्या घराच्या भिंतीवरही ‘बेटी बचाओ’चे कॅलेंडर लटकते. समतेला होकार देणारा प्रत्येक जण स्त्रीवादी ठरवायचा तर या सगळ्यांना तो किताब द्यावा लागेल. बाईचे दुय्यमपण एखाददुसऱ्या नवऱ्याच्या वाईट स्वभावातून येत नाही, ते घर, लग्न, मालमत्ता, धर्म आणि जात यांनी मिळून रचलेले आहे, ही समजूत म्हणजे स्त्रीवाद. ती नसेल तर माणूस भला असेल, समतेचा हितचिंतक असेल. हितचिंतक असणे काही वाईट नाही, पण त्याला दुसऱ्याचे नाव द्यायचे कारण नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. इथे आम्हाला जास्त बोलायचे आहे, कारण ही आपल्या घरातली बाजू आहे.

‘मी स्त्रीवादी नाही, मी समतावादी आहे, मी मानवतावादी आहे.’ आपल्या तरुणांच्या तोंडी हे वाक्य आले की आम्हाला ते आधी कुठे ऐकले ते लगेच आठवते. आपण जातीबद्दल बोलायला लागलो की समोरून हेच येते. ‘तुम्ही सारखी जात का काढता? मी फक्त माणूस मानतो.’ ‘आपण सगळे भारतीय आहोत ना?’ ‘दलित-दलित कशाला, अन्याय कुणावरही होतो.’ यावर आपले उत्तर तयार असते आणि ते बरोबर असते. ज्याला जातीमुळे काही सोसावे लागत नाही त्यालाच जात विसरणे परवडते, आणि दुखणे ज्याच्या अंगाला आहे त्याचे नाव न घेता त्यावर औषध देता येत नाही. भावांनो, हेच उत्तर जसेच्या तसे आपल्या बहिणी आपल्याला देऊ शकतात. आपण सवर्णाला जे वाक्य बोलू देत नाही ते बायकोसमोर, बहिणीसमोर, महिला कार्यकर्तीसमोर आपण कोणत्या तोंडाने बोलतो?

याचे एक उदाहरण इतके स्वच्छ आहे की ते प्रत्येक अभ्यासवर्गात घ्यायला हवे. २७ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने राजेश शर्मा प्रकरणात निकाल दिला. कलम ४९८अ चा, म्हणजे सासरच्या छळाविरुद्धच्या कायद्याचा, दुरुपयोग होतो असे म्हणत जिल्ह्याजिल्ह्यात कुटुंब कल्याण समित्या नेमायला सांगितले. बाईची तक्रार आधी समितीकडे जाणार आणि समितीचा अहवाल येईपर्यंत सहसा अटक होणार नाही. आठ महिन्यांनी, २० मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्रातून गेलेल्या सुभाष काशीनाथ महाजन प्रकरणात ॲट्रॉसिटी कायद्यावरचा निकाल आला. तिथेही दुरुपयोगाचेच कारण. आधी प्राथमिक चौकशी, मग वरिष्ठांची परवानगी, मग अटक. तर्क तोच, साचा तोच. आणि खंडपीठही तेच, न्यायमूर्ती आदर्श कुमार गोयल आणि न्यायमूर्ती उदय लळित यांचे.

दुसऱ्या निकालावर २ एप्रिल २०१८ चा भारत बंद झाला. देशभर आपला समाज रस्त्यावर उतरला, त्या दिवशी माणसे मारली गेली. त्याच वर्षी संसदेला कायद्यात १८अ हे कलम घालावे लागले आणि २०१९ मध्ये न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. हा आपला विजय होता आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण पहिल्या निकालाच्या वेळी आपल्या किती संघटनांनी निवेदन दिले? २०१८ च्या सप्टेंबरात त्या समित्या न्यायालयानेच रद्द केल्या, त्यामागे महिला संघटनांचे प्रयत्न होते. आपल्या अनेक तरुणांच्या चर्चेत मात्र ‘आता खोट्या केसेस थांबतील’ असाच सूर होता. खोट्या केसेस! ॲट्रॉसिटीच्या बाबतीत हा शब्द ऐकला की आपले रक्त तापते, कारण गावात तक्रार नोंदवायलाच किती छाती लागते, साक्षीदार कसे फुटतात, गावकी कशी दबाव आणते आणि मग निर्दोष सुटलेल्या प्रत्येक खटल्याला ‘खोटा’ कसे म्हटले जाते, हे आपल्याला माहीत असते. घरातली बाई पोलीस ठाण्याची पायरी चढते तेव्हाही यातली एकेक गोष्ट घडते. फरक इतकाच की गावकीच्या जागी नातेवाईक आणि मंडळाचे जेष्ठ असतात. ‘समाजाची बदनामी होईल, घरचे घरात मिटवा’ हे वाक्य आम्ही इतक्या बैठकांत ऐकले आहे की आता कोण बोलणार ते आधीच कळते. (कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झाले आहे, हेही वस्तीत सांगत चला. जुना नंबर सांगून बायकांना परत पाठवणारे महाभाग आहेत.)

तर ‘मी समतावादी आहे’ असे म्हणणाऱ्या तरुणाला आमचा प्रश्न साधा आहे. या दोन निकालांपैकी दोन्हीवर तुला राग आला की एकावरच?

आता कुणी म्हणेल, पण स्त्रीवादावर आमचा आक्षेप खरा नाही का? सवर्ण स्त्रियांनी आमच्या बायांना कधी आपले मानले? आक्षेप खरा आहे, शंभर टक्के खरा आहे. जाईबाई चौधरींचे उदाहरण घ्या. रेल्वेवर ओझी वाहून पोट भरणाऱ्या या बाईंनी शिक्षण घेतले आणि नागपुरात आपल्या मुलींसाठी शाळा काढली. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली तेव्हा जेवणाच्या पंक्तीला त्यांना वेगळे बसवले गेले. स्त्रियांच्या हक्कांसाठी जमलेल्या स्त्रियांनीच! पुढे मथुरा प्रकरण. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले, १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर स्त्री चळवळ उभी राहिली. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. ज्या मुलीच्या दुःखावर हे सगळे उभे राहिले तिचे आदिवासी असणे मात्र त्या चळवळीच्या मांडणीत दुय्यमच राहिले.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. जमिनीसाठी हिमतीने उभी राहिलेली, मुलांना शिकवणारी सुरेखा भोतमांगे, तिची मुलगी प्रियंका आणि दोन मुलगे. सुरुवातीला प्रकरणाला अनैतिक संबंधांचा रंग देण्यात आला. खटल्यात शिक्षा झाल्या, पण न ॲट्रॉसिटी कायदा लागला न स्त्रीत्वाच्या विटंबनेचे कलम. जात पुसली आणि बाईपणही पुसले. दोन्ही एकाच वेळी पुसले जाते हे ध्यानात घ्या, कारण सुरेखाताईंना जे भोगावे लागले ते अर्धे दलित म्हणून आणि अर्धे बाई म्हणून असे कापून दाखवता येत नाही.

तर आक्षेप खरा. पण तो घेतला कुणी? आपल्या बायकांनी. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या कार्यकर्त्या शोधून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केले. नव्वदच्या दशकात दलित स्त्रियांनी स्वतंत्र संघटना बांधल्या आणि आमचे बोलणे वेगळे आहे असे सवर्ण स्त्रीवाद्यांना तोंडावर सांगितले. ‘तुम्हाला जात दिसत नाही’ हा त्यांचा आरोप होता. ‘तुम्ही पुरुषसत्तेबद्दल बोलता’ असा आरोप त्यांनी कधीच केला नाही. उलट त्याच बायकांनी घरातल्या पुरुषसत्तेबद्दल सगळ्यात रोखठोक लिहिले. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचा. महारवाड्यातल्या सुनांचे जे हाल त्यात आहेत ते कुणा सवर्णाने केलेले नाहीत. आणि ते लिखाण बेबीताईंनी वर्षानुवर्षे घरातच लपवून ठेवले होते. ऊर्मिलाताईंच्या ‘आयदान’मध्येही शिकणाऱ्या, बाहेर पडणाऱ्या बायकोकडे नवरा कसा बघतो ते आहे. आपल्या बायकांनी सवर्ण स्त्रीवादावर केलेली टीका उचलायची आणि तिची ढाल करून त्याच बायकांना गप्प बसवायचे, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तो थांबला पाहिजे.

आपल्यासारखाच पेच अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांपुढे होता. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहताना नाव ब्लॅक पँथरवरून घेतले गेले, तेव्हा तिथल्या बायका काय म्हणत होत्या तेही घ्यायला हरकत नसावी. गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीत वंश दिसत नव्हता आणि काळ्या पुरुषांच्या चळवळीत बाई. ॲलिस वॉकर यांनी ‘वूमनिस्ट’ असा वेगळा शब्दच पुढे आणला. बेल हूक्स यांनी १९८४ च्या पुस्तकात आणखी एक उपयोगी गोष्ट सुचवली. ‘मी स्त्रीवादी आहे’ म्हणण्यापेक्षा ‘मी स्त्रीवादाची बाजू घेते’ असे म्हणावे. पहिल्या वाक्याने तुमच्यावर एक शिक्का बसतो आणि चर्चा तुमच्यावरच थांबते. दुसऱ्या वाक्यावर समोरचा विचारतो, म्हणजे नक्की कशाची बाजू? आणि बोलणे पुढे जाते. शिवाय त्या वाक्यात दुसऱ्या लढ्यांना जागा राहते. आंबेडकरी आहे की स्त्रीवादी, असे निवडायला कुणी सांगत नाही.

मग बाबासाहेब स्त्रीवादी होते का? आम्हाला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. विद्यापीठातल्या चर्चासत्रांत अलीकडे बाबासाहेबांना हा शब्द आवडीने लावला जातो आणि पुरावा म्हणून हिंदू कोड बिल आणि १९५१ चा राजीनामा सांगितला जातो. तेवढेच सांगितले की बाबासाहेब कायद्याने बायकांचे भले करणारे एक सुधारक उरतात. त्यांचा मुद्दा त्याहून खोल होता. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी मांडले की जात टिकते ती जातीतल्या जातीतच लग्न लावून, आणि तसे लग्न टिकवायचे तर बाईवर बंधन घालावेच लागते. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांची संगती त्यांनी इथे लावली. म्हणजे बाईवरचा पहारा हा जातीचा पाया आहे. हे ज्याने वाचले आणि मानले त्याला ‘आधी जात, मग बाई’ अशी रांग लावता येत नाही. त्याने स्वतःला काहीही म्हणवून घ्यावे.

पुढचे सगळे त्यातून येते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू घेतली. र. धों. कर्व्यांचा ‘समाजस्वास्थ्य’चा खटला लढवला, १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव आणवला. आणि २० जुलै १९४२ ला नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालच्या महिला परिषदेत हजारो बायकांसमोर ते बोलले. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे त्या भाषणातले म्हणणे आज प्रत्येक बॅनरवर असते. पण त्याच भाषणात त्यांनी लग्न झालेल्या बाईला सांगितले होते की नवऱ्याच्या बरोबरीने, मैत्रीण म्हणून उभी राहा आणि त्याची गुलाम व्हायला नकार दे. हे आम्ही अजून एकाही बॅनरवर पाहिलेले नाही. त्या परिषदेत बायकांनी घटस्फोटाच्या हक्काचा आणि एकापेक्षा जास्त बायका करण्याविरुद्धचा ठराव केला होता. हिंदू कोड बिल संसदेत येण्याच्या कितीतरी आधी. त्या काय म्हणवून घेत होत्या हे त्यांना कुणी विचारले नाही आणि त्यांचे त्यावाचून अडलेही नाही.

तर मूळ प्रश्नाला आमचे उत्तर असे. जी बाई स्वतःला स्त्रीवादी म्हणवते, दलित स्त्रीवादी म्हणवते किंवा फक्त आंबेडकरी म्हणवते, तिचा तो हक्क आहे आणि त्यावर पुरुष कार्यकर्त्यांनी प्रमाणपत्रे वाटू नयेत. समतेचा समर्थक आहे म्हणून कुणाच्याही अंगावर बाहेरून हा शिक्का मारू नये, बाबासाहेबांच्या तर नाहीच नाही. आणि पुरुषाने हे नाव स्वतःहून घेण्याची घाई करू नये.

या शेवटच्या मुद्द्यावर आमच्याच काही सहकारी ताई आमच्याशी भांडतात. त्यांचे म्हणणे असे की वस्तीत ‘ती स्त्रीवादी आहे’ ही शिवी आहे, घर मोडणारी बाई असा त्याचा अर्थ. चार पुरुषांनी तो शब्द स्वतःला लावून घेतला तर त्या बाईच्या डोक्यावरचे ओझे तरी कमी होईल. या म्हणण्यात वजन आहे. म्हणून आम्ही इतके मान्य करतो की कट्ट्यावर, भावकीत, मंडळाच्या बैठकीत, जिथे हा शब्द उच्चारल्यावर चार लोक हसतील, तिथे पुरुषाने तो जरूर घ्यावा. चर्चासत्राच्या मंचावर, ८ मार्चच्या पोस्टमध्ये, जिथे टाळ्या मिळतात तिथे नको.

आणि बैठकीचा विषय निघालाच आहे तर एक ठोस सूचना. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना अंतर्गत समिती बंधनकारक करतो. आपली जयंती मंडळे, विद्यार्थी संघटना, विहार समित्या सहसा त्यात बसत नाहीत, पण कायद्याने सांगितले नाही म्हणून समिती करू नये असे थोडेच आहे? येत्या २५ डिसेंबरच्या कार्यक्रमपत्रिकेत भाषणांच्या आधी हा एक ठराव घ्या. समितीत निम्म्याहून जास्त बायका, अध्यक्ष बाईच, एक सदस्य संघटनेबाहेरची, आणि तिचा फोन नंबर विहाराच्या फलकावर. त्याच बैठकीत मंडळाचे पासबुक कुणाकडे असते, वर्गणीचा हिशेब कोण मांडतो आणि खीर कोण ढवळतो हेही विचारून घ्या. आमच्या ओळखीच्या एका मंडळात गेल्या वर्षी हा ठराव मांडला तेव्हा सचिव म्हणाले, ‘आपण सगळे समतावादीच आहोत, याची गरज काय?’ ठराव मतदानाला टाकला गेला. मतदानाचा हक्क असलेल्या सतरा सदस्यांत बायका दोन होत्या.